दस्तरखानावरचे लोह

काबूलमधल्या घरी पाहुणा जेवायला बसला, की त्याच्यासमोर आधी अन्न येत नाही, पाणी येते. घरातला एखादा मुलगा लांब चोचीचा तांब्या आणि पसरट भांडे घेऊन प्रत्येकासमोर वाकतो, हातांवर पाणी ओततो आणि पुसायला पंचा पुढे करतो. तांब्याला म्हणतात ‘आफताबा’, खालच्या भांड्याला ‘लगन’. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत हात धुण्यासाठी तस्त असे, त्याच जातीची ही जोडी. जमिनीवर लांब कापड अंथरलेले असते. तो दस्तरखान. त्याच्या दोन्ही बाजूंना मंडळी मांडी घालून बसतात आणि दोघा-तिघांत एका मोठ्या थाळीतून हाताने जेवतात. थाळी सामाईक असल्याने एकाचे अस्वच्छ हात सगळ्यांच्या पोटाला त्रास देऊ शकतात. म्हणून हात धुण्याची ही रीत केवळ आदरातिथ्याची नाही. तिच्यात साबणाची भर घातली, की अतिसाराविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय झाला.

हात धुऊन झाले की थाळी येते. सणाला, लग्नाला किंवा मानाच्या पाहुण्याला काबुली पुलाव हवाच. लांब दाण्याचा तपकिरी झाक असलेला भात, त्याच्या पोटात दडवलेले मटणाचे तुकडे, वर गाजराच्या बारीक काड्या, काळ्या मनुका आणि बदाम-पिस्त्याचे काप. सोबत नान, दह्यातली वांगी, कांदा-टोमॅटो-काकडीची कोशिंबीर, हिरवी चटणी. शेवटी चहा. पुण्यात अनेक अफगाण विद्यार्थी शिकून गेले आणि आजही शिकतात. त्यामुळे हा पुलाव तिथल्या अनेकांनी मित्राच्या खोलीवर चाखलेला आहे. घरीही तो अवघड नाही. तो करता करता पोषणशास्त्राचे बरेच धडे हाती लागतात. त्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र भाताच्या पातेल्यात नाही, चहाच्या किटलीत आहे.

तांदूळ उकडा, रंग कांद्याचा

सहा जणांसाठी अर्धा किलो सेला बासमती, पाऊण किलो हाडांसकट मटण, दोन मोठे कांदे, तीन गाजरे, मूठभर मनुका आणि थोडे बदाम-पिस्ते पुरतात. मसाल्यात जिरे, वेलदोडा, लवंग, दालचिनी आणि मिरी. तिखट नाही, हळद नाही. आपल्या घरातला हिंग बहुतांशी अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येतो, पण या पुलावात तो पडत नाही.

सेला म्हणजे उकडा तांदूळ. कोकणातल्या घरांना ही प्रक्रिया परिचयाची आहे. भात सालासकट भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग सडतात. वाफवताना कोंड्याजवळचे ब१ जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्याच्या आत सरकते आणि सडल्यानंतरही टिकून राहते. पांढऱ्या, सडलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना एकेकाळी बेरीबेरी हा आजार होत असे. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत तो क्वचित दिसे, त्याचे कारण हेच. या प्रक्रियेत दाणा कडकही होतो. दोनदा शिजवूनही मोडत नाही आणि साध्या तांदळापेक्षा थोडा सावकाश पचतो.

तांदूळ धुऊन दोन तास भिजत घालावा. तोवर कांदा तेलात गडद तपकिरी होईपर्यंत परतावा. पुलावाचा रंग इथेच ठरतो. कांद्यातली साखर आणि प्रथिने उष्णतेने एकत्र येऊन जो तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो, तोच पुढे भातात उतरतो. वेगळा रंग लागत नाही. मात्र तपकिरी आणि काळा यांत दोन मिनिटांचेच अंतर असते. कांदा करपला तर सगळा भात कडवट होतो.

या कांद्यात मटण परतून मसाला, मीठ आणि पाणी घालावे आणि मंद आचेवर मांस हाडापासून सुटेपर्यंत, साधारण दीड तास, शिजवावे. कुकरमध्ये काम लवकर होते. उरलेला रस्सा म्हणजे ‘यखनी’. दुसऱ्या पातेल्यात भरपूर उकळत्या पाण्यात तांदूळ अर्धाकच्चा शिजवून गाळून घ्यावा. गाळलेल्या पाण्याबरोबर काही ब जीवनसत्त्वे जातात हे खरे, पण पुढे भात यखनीतच शिजतो, आणि त्या रश्श्यातला कण न् कण पोटात जातो. मोठ्या पातेल्यात तळाशी मांस, वर भात, त्यावर वाटी-दीड वाटी यखनी, एका बाजूला परतलेल्या गाजराची पुरचुंडी. घट्ट झाकण, झाकणाला कापड आणि मंद आचेवर अर्धा तास दम.

मूळ कृतीत चरबी सढळ असते. दुंबा नावाच्या मेंढीच्या जाड शेपटीतली चरबी वितळवून तीत पुलाव करण्याची जुनी रीत आहे. हिवाळ्यात हाडे गोठवणाऱ्या डोंगराळ प्रदेशात, दिवसभर शेत आणि गुरे यांमागे राबणाऱ्या माणसाला ती पचत होती. खुर्चीत बसून काम करणाऱ्याने चार-पाच चमचे शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलात भागवावे. मटणाची स्वतःची चरबी असतेच. वनस्पती तूप मात्र टाळावे. त्यातली ट्रान्स मेदाम्ले हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक असल्यानेच भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-चरबीत त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली.

गाजराचा रंग कोणता?

गाजर हे मूळचे याच भागातले. माणसाने लावलेली पहिली गाजरे सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी मध्य आशियात, आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या परिसरात पिकली असे मानले जाते. ती नारिंगी नव्हती. जांभळी आणि पिवळी होती. नारिंगी गाजर नंतर युरोपात रूढ झाले. काबुली पुलावात आजही पिवळी गाजरे वापरतात.

रंग इथे केवळ दिसण्यापुरता नाही. नारिंगी गाजरात बीटा-कॅरोटिन असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. पिवळ्या गाजरात ते फारच कमी असते. आपल्या बाजारात हिवाळ्यात येणाऱ्या लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपिनचा असतो, आणि त्याच्यासोबत काही बीटा-कॅरोटिनही असते. रातांधळेपणा टाळण्याच्या दृष्टीने नारिंगी गाजर सर्वांत सरस. बीटा-कॅरोटिन चरबीत विरघळते. म्हणून कच्च्या गाजरापेक्षा थोड्या तेलात परतलेल्या गाजरातून ते अधिक मिळते. काड्या करून चमचाभर तेलात वेलदोड्याबरोबर परतण्याची अफगाण रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे. त्यात साखर घालतात, ती वगळली तरी चालते. मनुकांची गोडी पुरते, आणि मनुकांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. मधुमेही माणसाने हे मनुका वेचतानाही लक्षात ठेवावे.

सोबतीचे पदार्थ

‘बोरानी बंजान’ म्हणजे वांग्याच्या चकत्या टोमॅटोत शिजवून वर लसणाचे घट्ट दही. ते दही फडक्यात टांगून पाणी काढलेले असते आणि त्याला दरी भाषेत ‘चका’ म्हणतात. श्रीखंडाचा चक्का आणि हा चका, नावही तेच आणि कृतीही तीच. फक्त तिथे त्यात साखरेऐवजी लसूण आणि मीठ पडते. वांगे तळले तर स्पंजासारखे तेल पिते. चकत्यांना तेलाचा हात लावून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजल्या, तर चव तीच राहते आणि तेल पाव भागात भागते.

कोशिंबीर आणि चटणी ही मात्र केवळ तोंडी लावणी नव्हेत. कच्चा टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची यांत क जीवनसत्त्व भरपूर असते. त्याचे काम इथे सर्दी पळवण्याचे नाही, लोह शोषून घेण्याचे आहे.

अन्नातले लोह दोन प्रकारचे असते. मांस-मासळीत असते ते ‘हीम’ लोह. त्यातले साधारण १५ ते ३५ टक्के शरीर शोषून घेते. धान्य, डाळी, पालेभाज्या, मनुका यांतले लोह दुसऱ्या प्रकारचे. त्यातला बहुतेकदा दहावा हिस्साही शरीराला मिळत नाही. पाऊण किलो मटणात हाडे वजा जाता अर्धा किलो मांस धरले, तर त्यात साधारण १० मिलिग्रॅम लोह असते. सहा जणांत ते वाटले, तर प्रत्येकाला दोन मिलिग्रॅमही येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाच्या आहारात १९ मिलिग्रॅम लोह असायला हवे. वनस्पतिज लोह कमी शोषले जाते हे धरूनच हे आकडे इतके मोठे ठेवलेले आहेत.

मग मटणाचा उपयोग काय? मांसाचा एक वेगळा गुण आहे. ते सोबतच्या धान्यातले आणि भाजीतले लोहही शोषले जाण्यास मदत करते. लिंबू आणि टोमॅटोतले क जीवनसत्त्वही तेच काम करते. म्हणजे त्याच नानमधले, त्याच मनुकांमधले लोह मांसाच्या आणि लिंबाच्या सोबतीने अधिक कामी येते. शाकाहारी घरात मटणाऐवजी भिजवलेले हरभरे किंवा राजमा घालून पुलाव केला, तर लिंबाची फोड ऐच्छिक न मानता ताटात हवीच. दह्यातले कॅल्शियम लोहाला थोडी आडकाठी करते, पण रोजच्या मिश्र आहारात तो फरक किरकोळ असतो.

आंबवलेली भाकर

नान हा अफगाण जेवणाचा खरा कणा. पुलाव सणाचा, नान रोजचा. अख्ख्या गव्हाच्या १०० ग्रॅम कणकेत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, पण कोंड्यातले फायटेट हे द्रव्य त्या लोहाला आणि जस्ताला आतड्यात धरून ठेवते. पीठ आंबवले, की गव्हातलेच एक विकर या फायटेटचे विघटन करते आणि अडकलेली खनिजे मोकळी होतात. गावाकडच्या नानमध्ये कालच्या पिठाचा आंबट गोळा, म्हणजे खमीर, मिसळून पीठ काही तास ठेवतात. त्याने नान नुसते फुगत नाही, पौष्टिकही होते.

वैद्यकशास्त्राला हे शिकवणारे रुग्ण शेजारच्या इराणमध्ये भेटले. भारतात जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद शिराझमध्ये काम करत असताना त्यांच्यासमोर वीस वर्षांचे, पण दहा वर्षांच्या मुलाएवढे दिसणारे तरुण आले. त्यांना तीव्र रक्तक्षय होता, वाढ खुंटली होती, वयात येण्याची लक्षणे नव्हती. त्यांचे अन्न म्हणजे जवळजवळ केवळ न आंबवलेली गव्हाची भाकर. मांस, दूध नावालाच. काही जण मातीही खात. १९६१ मध्ये या रुग्णांविषयी लिहिताना प्रसाद यांनी लोहाबरोबर जस्ताच्या कमतरतेची शक्यता मांडली. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांच्या अभ्यासातून ती खरी ठरली. माणसाच्या वाढीला जस्त लागते, हे जगाला कळले ते या भाकरीमुळे.

किटली

जेवण उरकले की चहा येतो. हिरवा किंवा काळा, दुधाशिवाय, वेलदोडा घातलेला. सोबत साखरेत घोळवलेले बदाम. पाहुण्याचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही, ही तिथली रीत.

चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये आतड्यात वनस्पतिज लोहाला चिकटतात आणि शोषण रोखतात. जेवणासोबत घेतलेल्या एका कप कडक चहाने त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. काळ्या चहाचा परिणाम जास्त, पण हिरवा चहाही त्यातून सुटत नाही. दूध घातल्याने ही अडचण फारशी दूर होत नाही. तोच चहा जेवणानंतर एक-दीड तासाने घेतला, तर हा तोटा बराच टळतो. चहा सोडायची गरज नाही. घड्याळाकडे बघायची आहे.

मटण, लिंबू, आंबवलेले नान असलेल्या सणाच्या दस्तरखानावर चहाने थोडे लोह पळवले, तरी तग धरता येतो. हीम लोहावर चहाचा परिणाम कमीच होतो. पण अफगाणिस्तानातल्या बहुसंख्य घरांत हे दस्तरखान वर्षातून मोजके दिवस अंथरले जाते. रोजचे जेवण म्हणजे नान आणि चहा. सकाळी नान-चहा, दुपारी नान आणि बटाटा किंवा थोडी डाळ, रात्री पुन्हा नान-चहा. लोह आहे ते नानमध्ये, आणि त्यालाच चिकटणारा चहा त्याच घोटात.

याचा हिशेब २०१३ च्या तिथल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दिसला. पाच वर्षांखालची सुमारे ४१ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. तपासलेल्या बालकांपैकी निम्म्यांत अ जीवनसत्त्व कमी होते. प्रजननक्षम वयातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हे सगळे चहामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. दारिद्र्य, दुष्काळ, युद्ध, जंत, मलेरिया, पाठोपाठची बाळंतपणे अशी कारणे मोठी आहेत. ऑगस्ट २०२१ च्या सत्तांतरानंतर परदेशी मदत आटली, तेव्हा कित्येक घरांत नानही मोजून वाढावे लागले. पण ज्या घरात पुलाव शिजतो, तिथेही एक प्रश्न उरतोच. पाहुणे आणि पुरुष आधी जेवतात. भाताखालचे मांस त्यांच्या बाजूला सरकते. बायका-मुलींच्या वाट्याला बऱ्याचदा उरलेला भात, नान आणि चहा येतो. मासिक पाळी आणि बाळंतपणामुळे ज्यांना लोह सर्वांत जास्त लागते, त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते.

इथे महाराष्ट्राने अफगाणिस्तानकडे दयेने पाहण्याचे कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथे युद्ध नव्हते. पुरुषांची पंगत आधी आणि बाईने मागाहून उरलेले खाणे इथेही अनोळखी नाही. सकाळी चहा-चपाती किंवा चहा-पाव हा नाश्ता तर घरोघरी आहे. आणखी एक चूक सरकारी दवाखान्यांच्या ओळखीची आहे. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात, ती त्या नेमाने घेतेही, पण चहाच्या घोटाबरोबर. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तेवढेच राहते आणि मग गोळ्यांना नावे ठेवली जातात. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान दोन तास दूर ठेवावी.

याला अपवादही आहे. थॅलेसेमियाच्या काही प्रकारांत आणि शरीरात लोह साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात लोह कमी शोषले जाणेच हिताचे असते. अशा रुग्णांना डॉक्टर जेवणासोबत चहा घ्यायला सांगू शकतात. आपला रक्तक्षय कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासल्याशिवाय महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत, ते यासाठीच.

वाढताना आणि उरल्यावर

सामाईक थाळीत आपण किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही. मधुमेह असलेल्याने आपला वाटा आधी वेगळ्या ताटलीत घ्यावा. मुठीएवढा भात, मटणाचे दोन-तीन तुकडे, अर्धे ताट कोशिंबीर आणि वांगी. कोशिंबीर आणि मांस आधी खाऊन भात शेवटी घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पुलाव आणि नान दोन्ही घेऊ नयेत, एकच निवडावे. रक्तदाब असलेल्यांसाठी यखनीत मीठ निम्मे घालावे, लिंबू पिळले की उणीव जाणवत नाही. मीठ आयोडीनयुक्तच हवे.

पुलाव नेहमी थोडा जास्तच होतो. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीज असते आणि ते उकळूनही मरत नाही. भात कोमट अवस्थेत तासन् तास झाकून राहिला, की ते वाढते आणि विष तयार करते. हे विष नंतर कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी उलट्या होतात, त्यामागे अनेकदा हा शिळा भात असतो. उरलेला पुलाव दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करावा आणि संपवावा.

अफगाण यजमान वाढताना ‘नोश-ए-जान’ म्हणतो. हे अन्न तुमच्या जिवाला लागो. ते लागावे यासाठी महागडा मेवा लागत नाही. पहिल्या वाढणीतच घरातल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात मांसाचा किंवा उसळीचा चांगला वाटा पडला, शेजारी लिंबाची फोड आली आणि किटली तासभर चुलीवरच राहिली, तर तेवढ्याने बरेच काम होते.